कुलूपकाका आज दुकानात आहेत

“लिही,” मामा म्हणाला, “कुलूपकाका आज दुकानात आहेत.”

भाच्याची बोटं कीबोर्डवरच थांबली. “मामा, बाबांना जाऊन वर्ष झालं.”

“म्हणून तर लिही!”

मामाला पन्नाशीतही खोड्या सुचायच्या. आज तर तो नुसता खुलला होता. कारणही तसंच होतं. महिनाभर दोघांनी डोकं खाजवून इंटरनेटवरच्या जाहिरातीसाठी शब्द निवडले होते; ते शब्द कोणी शोधले की दुकानाची जाहिरात दिसायची. कुलूप दुरुस्ती तज्ज्ञ वगैरे मामाने पहिल्याच दिवशी उडवलं. “दारात अडकलेला माणूस असलं टाईप करतो होय? तो लिहितो, किल्ली आत राहिली.” मग ते घेतलं. दार उघडत नाही, हे घेतलं. कुलूप कसं तोडायचं, हे मात्र नको असलेल्या शब्दांत टाकलं, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसणारच नाही. “चोरांना आपण कशाला बोलवायचं?” मामा म्हणाला होता.

आणि एक शब्द भाच्याने हट्टाने घातला होता. कुलूपकाका. बाबांना सगळी पेठ याच नावाने ओळखायची.

त्याच शब्दाने घात केला. कोणीतरी रोज सकाळपासून ‘कुलूपकाका’ शोधायचं आणि जाहिरातीवर बोट दाबायचं. परत शोधायचं, परत दाबायचं. दर दाबण्याला पैसे कापले जायचे. दुपारपर्यंत दिवसाचे पैसे खलास, जाहिरात गायब. लोक दमून घरी येतात, खिसे चाचपतात आणि किल्ली सापडत नाही, ती वेळ संध्याकाळची. नेमकं तेव्हा यांचं दुकान कोणालाच दिसायचं नाही. फोन मुका झाला होता. हा महिना असाच गेला तर शटर कायमचं खाली, असं भाचा कालच म्हणाला होता. म्हणताना त्याने मान वर केली नव्हती.

“कोपऱ्यावरचाच आहे तो,” मामा म्हणाला. “तुझ्या बाबांच्या हाताखाली शिकला आणि त्यांच्याच समोर दुकान थाटलं. आपले पैसे जाळतोय लेकाचा. आता हे वाचलं की बघ कसा धावत येतो. मेलेला माणूस दुकानात बसलाय म्हटल्यावर कोणाला राहवेल? आला, की धरलाच!”

“नको रे मामा. शब्दच काढून टाकू ना.”

“शब्द काढला तर चोर कसा सापडेल?”

भाच्याने ओळ लिहिली. थोड्या वेळाने जाहिरात दिसायला लागली. मामाने स्टूल दाराकडे वळवलं आणि हाताची घडी घालून बसला. रस्त्यावरून माणसं जात होती. कोपऱ्यावरचा त्याच्या दारात उभा राहून जांभया देत होता. त्याच्या हातात फोनसुद्धा नव्हता.

“जाहिरात दाबली कोणीतरी,” भाचा स्क्रीनकडे बघत म्हणाला. “आत्ताच.”

मामाने कोपऱ्याकडे पाहिलं. जांभई अजून चालूच होती.

तेवढ्यात मागचा जिना वाजला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. वरच्या खोलीतून मामाची ताई वर्षभरात खाली उतरली नव्हती. गुडघे दुखतात म्हणायची.

ती दारात आली. केस नीट विंचरलेले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर.

“आई?” भाचा उठला.

ताईने किल्ल्या घासायच्या मशीनकडे पाहिलं. मशीनमागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग चष्म्याचं घर हळूच काउंटरवर ठेवलं.

“चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “म्हणून आणला.”

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. मामाच्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं.

“असं बघू नका. वेड नाही लागलं मला,” ताई म्हणाली. “कळत होतं. पण लिहिलं होतं ना तिथे.”

“ताई, त्यांना बघायचंच होतं तर वर भिंतीवर फोटो आहे की एवढा मोठा.”

“भिंतीवरचा शोधावा लागत नाही, बंड्या. इथे शोधलं की सापडतात.”

मामाने मान खाली घातली. भाचा हळूच म्हणाला, “आई, तू दाबलंस की आपले पैसे जातात गं.”

“आपले?” ताईने फोनकडे पाहिलं. रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. “म्हणजे इतके दिवस ते मीच...”

“जाऊ दे आता,” मामा म्हणाला.

तिने चष्म्याचं घर परत हातात घेतलं. मग म्हणाली, “आणि नुसतं बघितलं तर?”

“बघायला पैसे पडत नाहीत, ताई. दाबलं तरच.”

“मग बघेन नुसतं. ती ओळ मात्र बदल. खोटं नको.”

मामाने स्वतः कीबोर्ड ओढून घेतला. नको असलेल्या शब्दांची चौकट समोर उघडीच होती. ती त्याने ‘कुलूपकाका’ न टाकताच बंद केली. जुनी ओळ पुसली आणि नवी लिहिली. कुलूपकाकांचं दुकान. दार उघडून मिळेल.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे एक बाई रडकुंडीला आलेली, किल्ली आत राहिली म्हणत होती. भाचा पिशवी उचलून पळाला.

हे सांगायला मामा धावत जिना चढला आणि दारातच थांबला. ताई पलंगावर बसली होती. फोन तांब्याला टेकवून समोर उभा केला होता. पडद्यावर सगळ्यात वर ती ओळ होती. आणि ताईने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून धरले होते.