चार नंबरचा सूर

तेजलने गिटारची सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवली, मग खालच्या दोन बारीक तारा. मोबाइलमधल्या ट्यूनरचा काटा हिरवा झाला, तसा तिने डावा हात काढून घेतला आणि उजव्या अंगठ्याने सहाही तारा मोकळ्याच छेडल्या.

तिचा बाप, पुंजाराम, शिफ्टला निघायच्या आधी जेवायला बसला होता. त्याचा घास हातातच राहिला.

"हे काय लावलं तू?"

"नवीन ट्यूनिंग आहे, पप्पा. सस्पेंडेड."

सातपूरच्या कारखान्यांत सस्पेंड होतो तो कामगारच.

"कोण झालं?" पुंजारामने विचारलं.

तेजल खळखळून हसली. "माणूस नाही हो, सूर! हे बघा, सा आहे, म आहे, प आहे. ग नाहीच. म बिचारा ग वर उतरायला बघतो आणि उतरत नाही. हसायचं की रडायचं, कळतच नाही. नुसता लटकलेला. आठ दिवस झाले, मी याच्यातच अडकलेय."

वस्तीतल्या गायन पार्टीत पुंजारामने पंधरा वर्षं पेटी धरली होती. त्याला सा-म-प समजावून सांगायची गरज नव्हती. पण लेकीच्या हरवलेल्या ग कडे त्याचं लक्षच नव्हतं.

"ती जाड तार एकटी वाजव."

तिने वाजवली. तार घुमली, ताटातली वाटीसुद्धा किंचित थरथरली.

"ही आमच्या चार नंबरची घरघर आहे," तो म्हणाला. "सोमवारची."

चार नंबर म्हणजे कंपनीतली जुनी पॉवर प्रेस. पत्रा खाली ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, मग वरून घाव. पुंजारामने तिच्यावर बावीस वर्षं काढली आणि दहाही बोटं शाबूत घरी आणली. गेल्या आठवड्यात तिच्या मोठ्या चाकाची घरघर त्याला उतरल्यासारखी वाटली. एक दिवस ब्रेक धरणार नाही, घाव आपोआप पडेल, हे सांगायला तो सुपरवायझरकडे गेला. सुपरवायझरने कान तपासल्याचा कागदच पुढ्यात टाकला. "काका, माणसांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मशीनचं येतं होय?" मशीनवरचे सगळे खो-खो हसले. त्याला दुसऱ्या शिफ्टला पॅकिंगमध्ये टाकलं आणि पहिल्या शिफ्टला चार नंबरवर जयराम आला. जयराम म्हणजे त्याच्याच पार्टीचा ढोलकीवाला.

कागद काही खोटा नव्हता. पुंजारामला कुकरची शिट्टी ऐकू येत नसे. पण गेले होते ते बारीक आवाज. जाड आवाज जिथल्या तिथे होते. तेही त्या कागदावर होतं. तेवढं वाचायला कुणाला सवड नव्हती.

"थोडी सैल कर," तो म्हणाला. "अजून. अजून जरा. थांब. ही मंगळवारची."

तेजलला गंमत वाटली. ट्यूनर बंद करून ती बापाच्या तोंडाकडे बघत खुंटी फिरवू लागली.

"अजून. हां. ही कालची. काल शिफ्टला आत शिरताना ऐकली. जयरामला म्हटलं, जपून. तर म्हणतो, पुंजारामभाऊ, मी पण नाय म्हटलं तर मलाबी पॅकिंगला टाकतील, नायतर सस्पेंड करतील."

तार आता इतकी ढिली झाली होती, की छेडली की डोळ्यांना हलताना दिसायची.

"आणि आजची?" तेजलने विचारलं.

"रोज जेवढी उतरली तेवढी उतरव."

तिने खुंटी फिरवली आणि तार छेडली. तार वाजली नाही, लाकडावर आपटून नुसती खडखडली.

"हिच्या पुढं काय असतं?"

"पुढे काही नाही, पप्पा. पुढे सूरच नाही."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिली शिफ्ट तीनला सुटायची. पुंजारामने ताट सरकवलं आणि खरकट्या हातानेच जयरामला फोन लावला. आत जाताना सगळ्यांचे फोन गेटवर जमा होतात, शिफ्ट सुटेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी लावला. घाबरला होता तो.

दुसऱ्याच रिंगला कुणीतरी फोन उचलला.

गेटवरून बोलायचं तर घसा फोडून ओरडावं लागतं, आतल्या प्रेस इतक्या धडधडत असतात. पुंजारामने मोबाइल कानाला दाबून धरला, मग घाईघाईने तेजलपुढे केला.

"बघ गं, मागं मशीनचा आवाज येतोय का?"

तेजलने स्पीकर चालू केला. दोघांनी कान दिले.

"नाही, पप्पा," ती म्हणाली. "काहीच वाजत नाहीये."

मग गेटवरचा वॉचमन वाळू याचा आवाज आला. हळू बोलत होता, तरी शब्द न् शब्द कळत होता.

"पुंजारामभाऊ का? बरं झालं तुमचाच फोन आला. ह्या फोनला लॉक हाय. जयरामच्या बायकोचा नंबर हाय का तुमच्याकडं?"