नदीकाठची जमीन

सर ऑगस्टस थॉर्नबी यांनी चिठ्ठ्यांच्या पिंपात हात घातला. उद्या जहाज सुटायचे होते, आणि लंडनच्या त्या सभागृहात नव्या वसाहतीतल्या जमिनी चिठ्ठ्या काढून वाटल्या जात होत्या. पार्लमेंटचे सभासद म्हणून हा मान त्यांचा. शंभराच्या आतल्या क्रमांकांच्या जमिनी नदीकाठच्या, त्यापुढच्या टेकडीवरच्या. प्रत्येकाला हवा होता तो नदीकाठ. तो दर हिवाळ्यात पाण्याखाली जातो, असे मोजणीदाराचे पत्र सकाळीच आले होते. सर ऑगस्टस यांनी ते कोणालाही दाखवले नव्हते.

"मिसेस डॉब्स, बारा!" त्यांनी काढलेली चिठ्ठी कारकुनाने वाचली.

"नदीकाठ!" चार मुलांची ती विधवा हरखली. "आता धुण्याला लांब जायला नको."

पुढचे नाव सर ऑगस्टस यांच्या लेकीचे, हॅरिएटचे होते. बाहीत दडवलेली चिठ्ठी त्यांनी शिताफीने पुढे केली. "एकशे ऐंशी!" सभागृह हळहळले, बापाच्या जिवात जीव आला.

तोच मिसेस डॉब्स उठून हॅरिएटपाशी गेल्या. "बाईसाहेब, तुम्हाला दिवस गेलेत. टेकडीवर पाणी कसं वाहून नेणार? घ्या माझा नदीकाठ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हॅरिएटने डोळे पुसत मान डोलावली. कारकुनाने टाक शाईत बुडवला.

"थांबा!" सर ऑगस्टस ओरडले. "लिहू नका. तो नदीकाठ... दर हिवाळ्यात बुडतो."

मिसेस डॉब्स यांनी धाकट्याला जवळ ओढले.

"आणि मघाशी, साहेब," त्यांनी विचारले, "मला दिलात, तेव्हा बुडत नव्हता?"