बिनशिक्क्याचं तिकीट

“शिक्का गाडीत चढायच्या आधी मारायचा. इथे, फलाटावरच,” सिल्केने तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिकीट सासूच्या हातात दिलं.

गेर्लिंडेने ते दोन बोटांत धरलं, कुणाचा तरी वापरलेला रुमाल धरावा तसं.

“वहीत लिहिलंयस वाटतं?”

“हो. शिक्का नसेल तर ते तिकीट धरत नाहीत.”

“मेर्ले, बघ गं, आईच्या वहीत माझी शिंक किती वाजताची लिहिलीय ते.”

नऊ वर्षांची मेर्ले खुदकन हसली. हेनिंगही हसला, मग बायकोचा चेहरा पाहून ट्रामच्या वेळापत्रकाकडे वळला.

चौघं जर्मनीतल्या कासेलहून तीन दिवसांसाठी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला आले होते आणि हा दुसरा दिवस होता. सिल्केने महिनाभर खपून वही तयार केली होती. चर्चच्या मनोऱ्यासाठी सकाळी लवकर रांग धरायची. जेवायला दोनच्या आत बसायचं, नंतर चुली विझतात. रविवारी दुकानं बंद, तेव्हा पाव आणि पाणी शनिवारीच आणून ठेवायचं. आतापर्यंत सगळं खरं निघालं होतं, आणि गेर्लिंडेला तेच जास्त लागत होतं.

“उटेबरोबर आम्ही रोमला गेलो होतो,” सकाळी नाश्त्याला ती नातीला सांगत होती. “वहीबिही काही नाही. रस्ता चुकायचो आणि पोट धरून हसायचो.” उटे म्हणजे हेनिंगची पहिली बायको. हेनिंग पावाला लोणी लावत होता. तो लावतच राहिला.

ट्राम आली. सिल्केने स्वतःचं, हेनिंगचं आणि मेर्लेचं तिकीट फलाटावरच्या शिक्क्याच्या यंत्रात घातलं. तीनदा खट्‌ झालं. गेर्लिंडेने आपलं तिकीट सरळ कोटाच्या खिशात टाकलं आणि ती आत चढली.

सिल्केने ते पाहिलं. यंत्र हाताच्या अंतरावर होतं. एका हाकेचं काम होतं. तिने हाक मारली नाही. मुलीचा हात धरून ती चढली, आणि आत कुठेतरी तिला गारगार वाटलं.

तिसऱ्या थांब्यावर तपासनीस चढले. दोन पुरुष आणि एक गोल चेहऱ्याची बाई. बाईने तिघांची तिकिटं पाहून परत दिली आणि ती समोरच्या बाकाकडे वळली. गेर्लिंडेने खिसा चाचपून तिकीट काढलं. बाईने ते उलटसुलट करून पाहिलं.

“आजी, यावर शिक्का नाही.”

“मला कुणी सांगितलं नाही,” गेर्लिंडे म्हणाली.

सिल्केचे कान तापले.

तपासनीस बाई वैतागली नाही. तिने एकदा या तिघांकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. कानावर खोचलेलं पेन काढलं. “तुमच्याबरोबरच आहेत ना या?” तिने सिल्केला विचारलं. “होतं असं चौघं एकत्र असले की. एखादं राहून जातं. मी हाताने वेळ घालून देते.”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही,” सिल्के म्हणाली. “आम्ही तिघंच आहोत.”

आपला आवाज इतका सरळ निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. बाईचं पेन थबकलं. गेर्लिंडेने सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मुलाकडे बघत होती. हेनिंगची मान खाली होती. त्याने जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर ओढली. म्हातारीने वाट पाहिली. बरीच पाहिली.

मग तिने पाठ ताठ केली.

“बरोबर बोलताहेत या बाई. मी एकटीच आहे.”

“आजी!” मेर्ले ओरडली. “अहो, ती माझी आजी आहे!”

डब्यातली माणसं वळून बघू लागली. तपासनीस बाई गोंधळली. गेर्लिंडेने नातीकडे पाहिलं, आणि क्षणभर तिचा ओठ हलल्यासारखा वाटला. पण आवाज आला तो शाळेत चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेल्या बाईचा.

“मुलीचा काहीतरी घोळ होतोय. मला नातवंडं नाहीत. काय दंड असेल तो खाली उतरून भरते, इथे तमाशा नको.”

ट्राम थांबली. ती दांड्याला धरून सावकाश उतरली, तिच्यामागून तिघं तपासनीस. दारं मिटली. हेनिंग उठला तेव्हा गाडी सुटली होती. दाराचं बटण तो दाबत राहिला, दाबत राहिला, आणि पुढच्या थांब्यावर दार उघडताच उडी टाकून मागे पळाला.

मेर्लेही उठली होती. सिल्केने तिची बाही घट्ट पकडली.

“बस खाली. बाबा आणतील तिला. तिनेच नाही का सुरू केलं? तू ऐकलंस ना, मला कुणी सांगितलं नाही म्हणे! ऐकलंस ना तू?”

मेर्लेने एकेक बोट सोडवत बाही मोकळी केली. आजीच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली, फ्रॉक नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत, परक्या माणसाशी बोलतात तितक्या अदबीने विचारलं,

“बाई, तुम्ही कुठे उतरणार?”