शांत बिऱ्हाड

"हात," स्मिता दात आवळून म्हणाली.

तनयनं हात मांडीखाली घातले. एकोणीस वर्षांचा दांडगा मुलगा, पण शिक्षा झालेल्या पोरासारखा वेताच्या खुर्चीत बसला आणि शिकवलेलं हसू हसला.

अंबुबाई आत चहा करत होत्या. बंगळूरच्या मल्लेश्वरममधलं हे घर स्मिताला हवंच होतं. वरचा मजला रिकामा होता, मागे पेरूचं झाड होतं आणि गच्चीला उंच कठडा होता. कठडा तिनं सगळ्यात आधी पाहिला होता.

आधी बनशंकरीतल्या एका घरमालकाला तिनं सगळं खरं सांगितलं होतं. मुलाला ऑटिझम आहे, बोलतो थोडं, आंघोळ आम्ही घालतो, कधीकधी ओरडतो. "वेडं पोर? आमच्याकडे लेकीसुना आहेत," म्हणून त्यानं दार लावून घेतलं. पुढच्या घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. तर तनय ओरडला, शेजाऱ्यांनी कागाळ्या केल्या आणि महिनाभरात सामान रस्त्यावर आलं. आता नवऱ्याच्या कंपनीचं यशवंतपूरचं गेस्टहाऊसही सोडायची वेळ आली होती. आणि नवरा? "मीटिंग आहे गं, तू मॅनेज कर." मॅनेज म्हणे! एक दिवस तनयला एकट्यानं सांभाळून बघ म्हणावं.

म्हणून तिनं तनयला घोटून घोटून तयार केलं होतं. रोज ती स्वतः घरमालकीण व्हायची आणि त्याला समोर बसवायची. हात मांडीखाली. हसायचं. कुणी बोललं की "नमस्कार", नाहीतर "छान आहे". चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास तो दम धरायचा आणि त्याची किंमत नंतर दिवसभर मोजायचा. मनगटं चावायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. मग ती त्याला छातीशी घट्ट धरायची. "शाबास रे राजा. गेली माणसं. आता हलव हात." चाव्यांचे वण दिसू नयेत म्हणून आज भर एप्रिलात त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट होता.

समोर दिवाणावर अंबुबाईंची मुलगी अश्लेषा बसली होती. पंचविशीची असेल. अंगात स्वेटर, हात ओढणीत गुंडाळलेले.

"थंडी फार बाधते तिला," अंबुबाई चहा घेऊन येत म्हणाल्या. धन्य आहे या बंगळूरकरांची, स्मिताला वाटलं. "अश्लेषा, नमस्कार म्हण की."

"नमस्कार," अश्लेषा म्हणाली. "सरी." कन्नडातलं 'बरं'.

काय गुणाची मुलगी! अशी मुलं कुणाच्या पोटी येतात? अंबुबाईंनी लेकीचा चहा स्वतः फुंकून गार केला आणि पेला तिच्या हातात धरून दिला. लाडावलीय मात्र.

अंबुबाई बेळगावच्या. मराठी बिऱ्हाड हवं, असा त्यांचा निरोप महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीनं आला होता. "वर आवाज-बिवाज काय होणार नाही नव्हे?" त्यांनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे सुई पडली तरी ऐकू येते. आम्हालाच आवाज खपत नाही. कुणी जरा मोठ्यानं बोललं की माझं डोकं उठतं."

हे वाक्यही तिनं घोटलं होतं. अंबुबाईंनी बशी खाली ठेवली.

तनयचा पाय फरशीवर आपटू लागला. टक, टकटक. स्मितानं आपल्या पावलाखाली तो दाबला. एरवी कुणाकडे न बघणारा तनय अश्लेषाकडे टक लावून बघत होता. मेले, आता मुलीकडे बघतो म्हणतील! अश्लेषाच्या पायाचा अंगठाही हलत होता. गाणं-बिणं शिकत असेल.

"मुलगा पण भारी शांत की."

"लहानपणापासून तसाच आहे."

"छान आहे," तनय म्हणाला.

अंबुबाईंनी लेकीची ओढणी सारखी केली. "राग धरू नका बाई. घर द्यायला जमायचं नाही."

"का?"

"तुम्ही फारच शांत माणसं. असलं बिऱ्हाड आम्हाला नको."

स्मिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखलं होतं बाईनं! ओळखलं आणि वर हा टोमणा.

"मग निरोप कशाला धाडलात? माणसांना घरी बोलवायचं, निरखायचं आणि हाकलायचं? लाज नाही वाटत?"

"हळू बोला की, हात जोडते तुम्हाला." अंबुबाई दाराकडे नाही, लेकीकडे बघत होत्या. "स्वल्प लवकर निघा. तिची जेवायची वेळ झाली."

त्यांनी दोघांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं आणि दार लावलं.

फाटकाबाहेर तनय धुळीत फतकल मारून बसला.

"ऊठ!" स्मिता ओरडली. तो हलला नाही. मग तिचा बांधच फुटला. "इतकं केलंस बाळा, तरी हाकललं ना? मरू दे त्यांचं घर! आग लागो त्या गच्चीला!" तिनं खाली बसून त्याच्या बाह्यांची बटणं सोडली. "हलव हात. ओरड हवं तेवढं. आता कुणाला दाखवायचंय?"

तनयनं हात हलवले नाहीत. तो अंबुबाईंच्या खिडकीकडे कान देऊन बसला होता.

आत स्टीलचा पेला भिंतीवर आदळला. पाठोपाठ एक किंकाळी आली, गळा फाटेल अशी, थांबता थांबेना. भिंतीवर धप्प, धप्प आवाज होऊ लागला. आणि मग अंबुबाईंचा रडवेला आवाज आला.

"शाबास गं राणी. गेली की माणसं. आता हलव हात."