जखमेचा रकाना

सर्जननं फॉर्म हातात घेतला आणि नाव न वाचताच विचारलं, "पेशंट कुठंय?"

"मीच," सिस्टर म्हणाली.

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. समोर त्याच्याच ऑपरेशन थिएटरची सिस्टर उभी होती आणि तिच्या मागे, दाराला टेकून, पोलीस ठाण्याची शिपाईबाई. मारहाणीची तक्रार झाली की ठाण्यातून जखम तपासायचा फॉर्म येई आणि ड्यूटीवर असेल त्या डॉक्टरनं तो भरायचा, असा रिवाज. दुपारच्या पाळीला दवाखान्यात दुसरा डॉक्टर नव्हता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच तपासणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सिस्टरनं हे ठाण्यातल्या हवालदाराला सांगूनही पाहिलं होतं. तो म्हणाला, "फॉर्मवर डॉक्टरची सही लागते, बाई. कुठल्या डॉक्टरची, ते छापलेलं नाही."

"काय खूळ घेतलंत हे डोक्यात?" सर्जन म्हणाला. "सकाळच्या त्या टिचकीवरून?"

सकाळी ऑपरेशनच्या वेळी त्यानं कात्री मागितली होती. तिनं सरळ दिली, त्याला वाकडी हवी होती. त्यानं हातातला चिमटा तिच्या बोटांवर मारला. थिएटरमध्ये याला टिचकी म्हणत. काम आटपून चहा घेताना एकमेकांना विचारत, "आज किती?" टिचकी खाल्ल्याशिवाय हात तयार होत नाही, असं नव्या नर्सना सांगायचं काम तर खुद्द सिस्टरनंच सोळा वर्षं केलं होतं. दुखायचं फारसं नाही. हातमोजाही फाटत नसे. पण आज भुलीचे डॉक्टर नेहमीसारखे हसले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी लाजेनं, मग रागानं.

"अहो, टेबलावर माणूस उघडा पडलेला असतो. तिथं काय मी तुमची मनधरणी करत बसू? हात आपोआप जातो. त्यात आकस असतो का कधी? घरच्यासारखं वागवतो मी तुम्हाला."

"घरीपण चिमटा वापरता?" शिपाईबाईनं विचारलं.

सर्जननं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पेनाचं टोपण काढून तो फॉर्मवर वाकला. जखमेची जागा, लांबी, रुंदी, खोली. हत्यार बोथट की धारदार. सिस्टरला हे रकाने तोंडपाठ होते. आजवर शेकडो लोकांचे फॉर्म तिनंच डॉक्टरांपुढे सरकवले होते. जखम नसेल तर तिथं 'निरंक' लिहितात, हेही तिला ठाऊक होतं. आणि निरंक आलं तर हवालदार प्रकरण तिथंच मिटवणार होता. "रक्त नाही, सूज नाही, मग मार कसला?" असं तो आधीच बोलून चुकला होता. तसं झालं तर उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा त्याच टेबलाशी, याच माणसाच्या हाताच्या अंतरावर उभं राहायचं.

"मी खोटं लिहिणार नाही हं," सर्जन म्हणाला. "जखम नाही म्हणजे नाही."

"नाहीच आहे," सिस्टर म्हणाली.

त्याचा चेहरा सैल झाला. "मग झालं तर! डोंगर पोखरून उंदीर काढलात." त्यानं ठळक अक्षरांत 'निरंक' लिहिलं.

"न तपासताच?" शिपाईबाई म्हणाली. "वरची ओळ कोरी आहे, डॉक्टर."

वरची ओळ छापील होती. तपासणीसाठी हात लावण्यास रुग्णाची संमती : आहे / नाही. ही ओळ कुणी कुणाला वाचून दाखवत नसे. घाईघाईत 'आहे'वर खूण होऊन जाई. सिस्टरनंही ती कित्येकदा केली होती.

"बरं, तसं तर तसं," सर्जन हसत म्हणाला. "हात लावू का, सिस्टर?" आणि विचारता विचारताच त्यानं तिच्या मनगटाकडे हात पुढे केला.

"नाही."

त्याला ती गंमत वाटली. बोटं आणखी पुढे आली.

"नाही म्हटलं मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

शिपाईबाई दारापासून एक पाऊल पुढे आली. सर्जनचा हात टेबलाच्या मधोमध थांबला, क्षणभर तसाच राहिला आणि मागे गेला.

"थांबता येतं की तुम्हाला," सिस्टर म्हणाली. "सकाळी पहिल्या टिचकीनंतर मी हेच म्हटलं होतं. सर, पुन्हा मारू नका. सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. आणि मग दुसरी मारलीत."

शिपाईबाईनं खिशातून वही काढली.

"दुसरी," ती लिहिता लिहिता म्हणाली. "नाही म्हटल्यावर मारलेली."

"पण जखम कुठं आहे?" सर्जनचा स्वर आता चढला. "जखम नसताना गुन्हा कसला?"

"जखम आमच्या हवालदारांना लागते, डॉक्टर. कायद्याला लागत नाही. त्यांना मी सांगते."

सर्जन पेन हातात धरून फॉर्मकडे पाहत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखी त्यानं ती वरची ओळ वाचली.

"इथं काय करू?" त्यानं विचारलं.

सिस्टर पुढे झाली. टेबलावर वाकून तिनं 'नाही' या शब्दाखाली आपलं बोट ठेवलं, सकाळी चिमटा खाल्लेल्या त्याच हाताचं.

"इथं खूण करा," ती म्हणाली. "आणि खाली सही."