डांबर सोडायचं नाही

यास्नामावशींनी साखरेचा खडा कॉफीत बुडवला, दातांनी अर्धा तोडला आणि झ्लात्कोला सांगितलं, की उद्या डोंगरात जायचं तर जावोरोव डोवरून जायचं.

झ्लात्कोनं कप खाली ठेवला. तिथं आहे काय बघण्यासारखं, तो म्हणाला, चार पडकी घरं आणि कानात शिरणारा वारा. त्यापेक्षा तळ्यांकडं नेतो, तिथं एक बाई चीज करते, तसं चीज तुमच्या स्वीडनमध्ये जन्मात मिळायचं नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच गाव सांगितलं.

दोन दिवस तो वाटाड्या म्हणून त्यांना आपल्या गाडीतून फिरवत होता. बाई सारायेव्होचीच, पण लढाईत देश सोडून गेलेली, आता पंचाहत्तरीला टेकलेली. पहिल्या दिवशी त्यानं मशीद, दोन्ही पंथांची चर्चं आणि ज्यूंचं प्रार्थनाघर दाखवून आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, की आमच्याकडं देव शेजारधर्म पाळतात, माणसांचंच जमत नाही. पाहुणे यावर हमखास हसतात. मावशी हसल्या नाहीत. मोस्तार शहरात मात्र, लढाईत पडून पुन्हा बांधलेला हा जुना पूल माझ्या गाडीपेक्षा तरुण आहे म्हटल्यावर त्यांना हसू आलं.

आणि आज ही जावोरोव डोची गोष्ट निघाली. तिथं त्यांचा मुलगा गेला होता. वेद्रान, एकोणीस वर्षांचा. बाप एका धर्माचा, आई दुसऱ्या धर्माची, म्हणून पोराला असं नाव दिलं की कुणाचा ते ओळखूच येऊ नये. कसलं काय! त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सैनिकांनी सात जणांना गावाजवळच्या वळणावर ट्रकमधून उतरवलं, त्यात तो होता. पुढं त्यांना कुणी पाहिलं नाही. नंतर शोधपथकांनी गावाभोवतीची जमीन उकरली, हाती काही लागलं नाही.

"मला कुणाला तुरुंगात धाडायचं नाही रे," मावशी म्हणाल्या. "माझ्या पोराची हाडं मला पुरायची आहेत. तेवढं झालं की मी मरायला मोकळी."

झ्लात्कोला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. गेल्याच वर्षी त्यानं स्वतःच्या आईला मूठमाती दिली होती. तू लढाईत कुठं होतास, असं मावशींनी विचारलं, तेव्हा तो सगळ्या पाहुण्यांना सांगायचा तेच त्यानं सांगितलं, की पूर्ण लढाई शहरात पलटणीचे बटाटे सोलण्यात गेली, हातात बंदूक आलीच नाही. मग उद्या सकाळी आठला निघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मावशींनी पांढरी फुलं घेतली होती. घाटात झ्लात्कोची बडबड बंद होती, आणि मावशीही काचेबाहेर बघत होत्या. गावापुढच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून थेट गवताकडं चालायला लागल्या.

झ्लात्को धावला आणि त्यानं त्यांचा दंड धरला.

"मावशी, डांबर सोडायचं नाही. खाली सुरुंग आहेत."

या देशात हे वाक्य पोरं चालायला लागली की शिकतात. मावशी थांबल्या. उतारावर गुडघाभर गवत होतं आणि त्यात एक मेंढी निवांत चरत होती. मावशींनी तिच्याकडं बोट केलं.

मेंढीचं वजन ते किती, झ्लात्को म्हणाला. सुरुंगाला माणूस लागतो. धोक्याची पाटी का नाही, तर पाट्या लोक सरपणाला नेतात, उरलेल्या पुरात वाहून गेल्या. फुलं माझ्याकडं द्या, इथं कडेलाच ठेवू, देवाला काय, तो इथूनही बघतो. बोलता बोलता त्याला घाम फुटला होता.

मावशी म्हणाल्या, एवढा उतार, सगळाच कसा भरलेला असेल? कडेकडेनं जाते. या वयात पाय गेला तरी कुणाचं काय अडणार आहे?

"सगळा नाही," झ्लात्को घाईनं म्हणाला. बाई हट्टाला पेटलेली, तिला अडवायचं तर नीट समजावून सांगायला हवं होतं. "हा अलीकडचा भाग ठीक आहे. ते तीन पाइन दिसतात ना? त्यांच्यापासून त्या चपट्या खडकापर्यंत. तेवढ्या भागात पाऊल टाकायचं नाही. तुम्हाला माझ्या आईची शपथ."

"पाइनपासून खडकापर्यंत."

"हो."

"खडकाच्या पलीकडं?"

"पलीकडं काही नाही. मधेच आहे जे काय आहे ते."

मावशींनी दंडावरचा त्याचा हात हळूच सोडवला, पर्समधून फोन काढला आणि पाइन आणि खडक दोन्ही नीट येतील असा फोटो घेतला. झ्लात्कोनं सुटकेचा निःश्वास टाकला. गाडीत बसू या, तो म्हणाला, वारा बोचरा आहे, वर गरम कॉफी मिळेल.

"बसू," मावशी म्हणाल्या. "मी दरवर्षी येते, झ्लात्को. दरवर्षी नवा वाटाड्या घेते, तुझ्याच वयाचा, याच भागातला. तुझ्याआधी अकरा झाले. त्या अकरा जणांबरोबर मी हा उतार, ते पाइन, तो खडक, सगळं पायाखाली घातलंय. इथं सुरुंग आहेत म्हणणारा तू पहिलाच."