दर दहा सेकंदांनी

बायको गेल्यावर मुलाने हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तिचे फोटो लावून दिले. दर दहा सेकंदांनी नवा फोटो आणि खाली नवा सुविचार. "बाबा, आई डोळ्यांसमोर राहील," तो म्हणाला. पहिलाच फोटो दवाखान्यातला निघाला. खाली लिहिलं होतं, 'भरपूर पाणी प्या.'

आता भेटायला येणारे खुर्च्या स्क्रीनकडे वळवून बसतात. काल मेहुणी रंजना आणि शेजारचे पटवर्धन आले होते.

"थांबा हं, बारशाचा येईल. मी हिरव्या शालूत आहे," रंजना म्हणाली.

"अहो, तेव्हाचे माझे केस बघा!" पटवर्धन खुर्चीतून अर्धे उठले.

मी हिला शोधत होतो. कुठे हातात वाढायचं ताट, कुठे कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा चेहरा.

मग गच्चीवरचा फोटो आला. मीच काढलेला. पापड वाळत घालता घालता ही मान वर करून हसली होती.

"यात कोणीच नाही," रंजना म्हणाली आणि चहाकडे वळली. पटवर्धनांनीही कप उचलला.

उरलेले सात-आठ सेकंद ती माझ्या एकट्याची होती.